पदकामागचा माणूस शोधणाऱ्या अक्का

डॉ. गिरिजा आवटी यांची आणि माझी ओळख एका दुखऱ्या दाढेमुळे झाली. मी तेव्हा वारणानगरला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो आणि कोल्हापुरातून रोज एसटीने ये-जा करत होतो. एका संध्याकाळी दाढेची कळ सहन होईना, म्हणून स्टँडवर उतरलो तो थेट लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी दाढ पाहिली, हिरडीत इंजेक्शन दिले आणि म्हणाल्या, "आता जरा बसा. बधिर व्हायला वेळ लागेल."

मग त्यांनी माझ्या तोंडावरचा दिवा बाजूला वळवला, खणातून एक काळपट, रुपयासारखी गोल वस्तू काढली, डोळ्याला भिंग लावले आणि तिची कड अगदी सावकाश फिरवत वाचू लागल्या. माझी जीभ जड झाली होती, तरी मी विचारले, "काय आहे ते?"

"पदक. पहिल्या महायुद्धातलं. ज्याला दिलं त्याचं नाव कडेला कोरलेलं असतं. तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मग बघा की जरा, हे अक्षर आर आहे का के?"

मी खुर्चीत पडल्या पडल्या भिंगातून पाहिले. अक्षर इतके झिजले होते की काहीच कळेना. मी अंदाजाने के म्हटले. अक्कांना, म्हणजे बाईंना, ते पटले नाही.

"आर असेल तर हा राणू, के असेल तर कानू. दोन्ही नावं आपल्याकडं आहेत. अंदाजानं चालणार नाही, सर. चुकीच्या घराच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे त्या घरातल्या माणसांना उगाच आशा लावायची."

माझी दाढ त्या दिवशी गेली. पुढच्या रविवारी मी काहीही दुखत नसताना पुन्हा त्यांच्याकडे गेलो, आणि तेव्हापासून जातोच आहे. अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या दंतवैद्यकाविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या दुसऱ्या कामातला सोबती. युद्धातली जुनी पदके गोळा करायची, ती ज्यांनी मिळवली त्या माणसांचा माग काढायचा आणि शक्य तिथे ती त्यांच्या घरी पोहोचवायची, हे काम त्या इतकी वर्षे गाजावाजा न करता करत आल्या आहेत. त्या कामात मी त्यांच्याकडून जे शिकलो तेवढेच इथे लिहितो.

आवटी घराणे मूळचे सीमेकडचे. वडिलांची गुळाची अडत होती, घरात कन्नड आणि दुकानात मराठी असे दोन्ही चालायचे. अक्का हे संबोधनही त्या घरातूनच आले. धाकटी भावंडे म्हणायची, मग शेजारी म्हणू लागले आणि शेवटी पेशंटही. सैन्यात त्यांच्या घरचे कुणी कधी नव्हते. पदकांशी त्यांचा संबंध आला तो धोंडिबा खोत नावाच्या एका वृद्ध पेन्शनरामुळे.

धोंडिबा पन्हाळ्याच्या बाजूचे. ब्रह्मदेशाच्या लढाईत होते. नवा दवाखाना थाटलेल्या अक्कांनी त्यांची कवळी करून दिली. कवळी नीट बसते का हे पाहायला ते आले, तेव्हा त्यांनी धोतराच्या कनवटीतून फडक्यात बांधलेली आपली पदके काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाय, घरात पोरांची भांडणं लागल्यात. वाटणी व्हायच्या आदी हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपंला नेतो." पुढची खेप झाली नाही. बरेच दिवस वाट पाहून अक्का त्यांच्या गावी गेल्या. धोंडिबा वारले होते, घराला कुलूप होते, आणि मुले कुठे गेली हे कुणाला नक्की सांगता येत नव्हते. एक मुंबईला गिरणीत, एक गोव्याकडे, असे काहीतरी. अक्का ते फडके घेऊन परत आल्या. कुणी तरी विश्वासाने ठेवलेली वस्तू आपल्याकडे राहिली, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. मुलांचा शोध घेता घेता त्या आणखी पेन्शनरांना भेटल्या, त्यांच्या तोंडून पलटणींच्या हकिकती ऐकल्या, आणि सराफांच्या पेठेत, गुजरीत, चांदीच्या मोडीबरोबर वितळायला येणारी पदके त्यांच्या नजरेला पडू लागली. सराफांना त्यांनी सांगून ठेवले की कडेला अक्षरे असलेले काही आले तर आधी मला दाखवा. बरेच जण दाखवत. काही जण हसत, पण तेही दाखवत.

या छंदातली माणसे साधारणपणे दुर्मीळ गोष्टीच्या मागे असतात. अक्का त्यांच्यात कधी रमल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक मिळाले, आणि ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या, जहाजे रिकामी करणाऱ्या मजुरांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. राजाचे डोके तेच, मागच्या बाजूचा घोडेस्वार तोच, फक्त धातू हलका. संग्राहक ती ब्राँझची पदके बाजूला सारत, आणि अक्का नेमकी तीच निवडून घेत. पुण्यात एका प्रदर्शनात मी त्यांच्याबरोबर होतो. एका नामांकित संग्राहकाने त्यांच्या तबकात डोकावून म्हटले, "बाई, हे सगळे हमाल आणि कुली. यात लढलेला एक तरी आहे का?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "नसेल. पण घरून निघताना यांच्या आयाही रडल्या असतील." त्यांनी तबक झाकले आणि आम्ही चहा प्यायला गेलो. त्या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

शोधाच्या कामात त्यांचा एक नियम फार कडक आहे. घरच्यांना पदक आधी दाखवायचे नाही. आधी त्यांनी बोलायचे, आपण ऐकायचे. कागलकडच्या एका सधन गृहस्थांना आपल्या आजोबांचे पदक दिवाणखान्यात लावायचे होते. नाव जुळत होते, आडनाव जुळत होते, आणि गृहस्थ आदराने वागवत होते. पण आजोबा कुठे गेले होते, केव्हा परत आले, कोणाबरोबर गेले, यातले काहीच जुळेना. मी गाडीत बसताना म्हणालो, "देऊन टाकायचं होतं, अक्का. जपलं तरी असतं त्यांनी." अक्का म्हणाल्या, "ह्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा नातू उद्या आला तर त्याला काय सांगू? तुमच्या आजोबांना मी दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलंय म्हणून?" ते पदक अजून त्यांच्याकडे आहे.

त्यांच्या स्वभावातला ओलावा सांगायचा तर मला माझ्या घरातलेच उदाहरण द्यावे लागेल. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. गिळणे अवघड झाले, तोंड स्वच्छ ठेवणे आम्हाला जमेना. अक्कांना हे कळल्यावर त्या दवाखान्याची वेळ संपली की आमच्याकडे येऊ लागल्या. वडिलांच्या उशाशी बसायच्या, हातमोजे घालून त्यांचे तोंड हळुवार पुसायच्या, आणि पुसताना त्यांच्याशी बाजारातल्या गुळाच्या भावापासून कुस्तीच्या मैदानापर्यंत सगळे बोलायच्या. वडील नुसते डोळ्यांनी उत्तर द्यायचे. एकदा माझ्या पत्नीने संकोचून म्हटले, "अक्का, हे आम्ही करू हो. तुम्ही का त्रास घेता?" त्या म्हणाल्या, "तुम्ही घरची माणसं. तुमच्यापुढं असं तोंड उघडून पडायला त्यांना लाज वाटते. माझ्यापुढं सगळेच तोंड उघडतात." वडील गेले तोपर्यंत त्यांचा हा क्रम चुकला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. त्याविषयी तेव्हा बरेच उलटसुलट बोलले गेले. जे घडले ते मी जवळून पाहिले आहे.

गुजरीतून अक्कांकडे एक ब्राँझचे पदक आले होते. कुणीतरी त्याला वरच्या बाजूला कडी जोडून घेतली होती. डाग देताना ओघळलेल्या धातूने कडेवरची काही अक्षरे झाकली होती. नाव मात्र स्पष्ट होते, येसबा पोवार. शाहूवाडीच्या बाजूचा एक पेशंट बोलता बोलता म्हणाला की आमच्या वरच्या अंगाच्या गावात येसबा सुभेदार म्हणून एक जण होऊन गेले, त्यांची नातवंडे आहेत. आम्ही गेलो. भातखाचरांच्या वर, डोंगराला टेकलेले लहानसे गाव आहे ते. येसबांचे नातू शंकरराव पोवार स्वतः सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पायात कॅनव्हासचे बूट, मिशा कातरलेल्या, बोलणे रोखठोक. त्यांनी आमचे मनापासून स्वागत केले. त्यांच्या घरी त्यांची आत्या, म्हणजे येसबांची मुलगी हौसाबाई, राहत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, कानाने थोड्या कमी, पण नजर तरतरीत.

नेहमीप्रमाणे अक्कांनी पदक दाखवले नाही. हौसाबाईंच्या जवळ सरकून मोठ्याने विचारले, "आजी, तुमच्या वडिलांना सरकारनं काही दिलं होतं का?"

"बिल्ला दिलता की," हौसाबाई म्हणाल्या. "राजाचं टकुरं हुतं त्येच्यावर. आईनं सोनाराकडनं वर कडी बसवून घेतली आन काळ्या दोऱ्यात गळ्यात घातला. मरंस्तवर काढला न्हाय. ती गेल्यावर माझ्या भावानं भांड्यांबरोबर मोडीत घातला. मी तवा सासरी हुतो."

अक्कांनी पिशवीतून पदक काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. हौसाबाईंनी आधी ती कडी बोटाने चाचपली. मग पदक गालाला लावले आणि डोळे मिटून बसल्या. शंकरराव उठून बाहेर ओसरीवर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

त्याच बैठकीत त्यांनी ठरवून टाकले. गावाच्या तोंडाशी आजोबांच्या नावाचा दगड बसवायचा, कार्यक्रम करायचा, आणि पदक त्या कार्यक्रमात अक्कांच्याच हस्ते घरी यायचे. "सुभेदार येसबा पोवार म्हणून कोरून घेतो. पलटण कंची, तेवढं सांगा."

"ते मला अजून नक्की सांगता येत नाही," अक्का म्हणाल्या. "अक्षरं झाकली आहेत. मी वाचून कळवते, तोवर थांबा." धातू ब्राँझचा आहे याचा अर्थ त्यांना ठाऊक होता, पण खात्री झाल्याशिवाय त्या बोलणार नव्हत्या. शंकररावांनी मान डोलावली, पण थांबले नाहीत.

दाताची कीड खरवडायच्या हत्याराने अक्का रोज थोडे थोडे ते डागाचे ओघळ काढत होत्या. हात घसरला तर खालचे अक्षरही जाईल, म्हणून पेशंट संपल्यावर, मन स्थिर असेल तेव्हाच बसत. शेवटी हुद्दा आणि तुकडी दिसली. हुद्द्याच्या जागी पोर्टर हा शब्द होता. येसबा पोवार बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकातल्या बंदरावर, गेलेल्या हमाल पलटणीतले हमाल होते.

अक्कांनी मला बोलावून ते दाखवले. तोपर्यंत शंकररावांनी दगड घडवून आणल्याचे, तालुक्याच्या पुढाऱ्यांना आमंत्रणे गेल्याचे फोन येऊन गेले होते. मी म्हणालो, "अक्का, पलटणीचं नाव वाचता आलं नाही असं कळवा. खोटं काही बोलू नका, फक्त गप्प बसा. गाव इतकी वर्षं त्यांना सुभेदार म्हणतंय. कुणाचं काय बिघडलं?"

त्यांनी भिंग खाली ठेवले. मग म्हणाल्या, "सर, सुभेदार येसबा पोवार नावाचा माणूस झालाच नाही. मग हे पदक मी कुणाच्या नावानं परत देऊ? जो खरंच बसऱ्याला गेला, ज्यानं खरंच ओझी वाहिली, त्याचं हे आहे. आपणही त्याला सुभेदार म्हटलं तर त्याच्याकडं बघणारं कुणीच उरत नाही."

"मग काय, भर कार्यक्रमात सांगणार?"

"छे. आधी जाऊन घरात सांगायचं. चारचौघांत त्यांचा मान जायला नको."

आम्ही गेलो तेव्हा दगड अंगणात ताडपत्रीखाली होता. हौसाबाई त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. अक्कांनी काही आडपडदा न ठेवता, पण फार जपून सांगितले. शंकररावांनी भिंग घेतले, दारातल्या उजेडात जाऊन स्वतः वाचले. परत येऊन बसले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त जड वाटत होते.

"म्हंजे माझा आज्जा हमाल हुता म्हणा की."

"हो. युद्धातला हमाल. समुद्रापार गेलेला."

"बाई, मी तेच्या नावावर भरती झालो. माझा बा मला म्हणायचा, सुभेदाराचा नातू हायस. आन आता गावाला काय सांगू? आमंत्रणं गेल्यात." मग ते माझ्याकडे वळले. "पावणं, च्या घ्या आन निघा. न्या ते तुमचं."

अक्का उठल्या. पदक त्यांनी भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या शेजारी ठेवले. "ते माझं नाही, शंकरराव. दगडावर काय लिहायचं ते तुमच्या घरानं ठरवायचं, त्यात मी पडणार नाही. मी जे वाचलं ते तुमच्यापासून लपवलं असतं, तर मला इथं पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं."

चहा झाला नाही.

कार्यक्रम रद्द झाला. का झाला हे शंकररावांनी कुणाला सांगितले नसावे, पण अशा गोष्टी पसरतात. कोल्हापूरच्या एका बाईने आमच्या सुभेदाराला हमाल ठरवले, एवढेच त्या भागात फिरले. तिकडचे काही जुने पेशंट यायचे बंद झाले. एकाने दवाखान्यात येऊन अक्कांना तोंडावर विचारले की शिपायांचा अपमान करण्यासाठीच तुम्ही हा उद्योग करता का. अक्कांनी त्याचे ऐकून घेतले. स्वतःची बाजू त्यांनी मांडली नाही आणि मलाही मांडू दिली नाही. "ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे, सर. आपण बाजू मांडायची म्हणजे त्यांचं घर चव्हाट्यावर आणायचं."

पण त्या खचल्या होत्या. पदकांचे कपाट त्यांनी बंद केले ते उघडलेच नाही. रविवारी मी जायचो, तर इकडचे तिकडचे बोलायच्या. एकदा मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि एकदम म्हणाल्या, "त्या आजींनी पदक गालाला लावलं होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं का हो?" त्यांच्या जागी मी असतो तर तिथेच थांबलो असतो, आणि ते त्यांना माहीत होते.

पावसाळा गेला, भातकापण्या झाल्या. एका सकाळी दवाखान्यासमोर जीप थांबली. मी योगायोगाने तिथे होतो. शंकररावांनी हौसाबाईंना हाताला धरून उतरवले आणि वर आणले. लाकडी बाकावर त्यांना बसवेना, म्हणून अक्कांनी त्यांना दात तपासायच्या खुर्चीत बसवले आणि पाठीला उशी दिली. शंकरराव उभेच राहिले.

"आत्ती, मला सांगितलंस ते ह्यास्नी सांग," ते म्हणाले.

हौसाबाईंनी आधी खोली न्याहाळली. मग बोलू लागल्या. "बा कधी लढाईचं बोलला न्हाय. लोक सुभेदार म्हणायला लागली ती त्यो मेल्यावर. माझ्या भावाला ते ग्वाड वाटायचं. बा म्हणायचा, बसऱ्यात बोटी यायच्या, आमी पोती उतरायची. कवा कवा बोटीतनं घायाळ माणसं यायची. डोल्या कमी पडल्या की हमालांस्नीच हाळी मारायचे, पाठीवर घ्या म्हणायचे."

त्या थांबल्या. अक्कांनी त्यांना पाणी दिले.

"एक पोरगं हुतं म्हणं. कुठल्या मुलखाचं, काय भाषा, काय कळत न्हवतं. बाच्या गळ्याला मिठी मारून हुतं. चिखलातनं वर तंबूपातूर न्यायचं हुतं. मदीच कवातरी त्यो पोरगा मेला. बाला कळलं, मिठी सैल पडली म्हणून. पन त्यानं खाली ठेवला न्हाय. तंबूपातूर न्हेला. डाक्तर रागं भरला, मेल्यालं कशाला आनलंस म्हणून." हौसाबाईंनी पदराने तोंड पुसले. "आमा भावंडांस्नी बानं कधी पाठंगुळी घेतलं न्हाय. बाकीच्यांचे बा घ्यायचे. आमी पाठीवर चढाया गेलो तर झटकून उठून जायाचा. मोठी झालो तवा आईनं सांगितलं, का ते."

अक्कांनी विचारले, "आजी, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

"कोन इचारलं न्हाय. सुभेदार म्हणत्यात, म्हणू देत म्हणलं. आता ह्यो रोज ताडपत्रीकडं बघत बसाया लागला, मग सांगितलं."

शंकरराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. तसेच बोलले. "बाई, मी बर्फातल्या चौकीवर हुतो. खालनं आमचं रेशन, रॉकेल, सगळं हमाल आनायचे. पाठीवर. आमच्यातला एक जण कड्यावरनं पडला तवा त्येला खाली त्येंनीच न्हेला. त्यातल्या एकाचं बी नाव मला म्हाईत न्हाय. कधी इचारलंच न्हाय." मग वळून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यावर रागावलो. तुमी हमाल म्हणालासा आन मला आधी लाज वाटली. कशाची वाटली, ते आता कळतंय. त्येची जास्त लाज वाटती."

अक्का त्यांच्याजवळ गेल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बसा की. किती वेळ उभे राहणार?" तेव्हा ते बसले.

दगड त्यांनी फेकून दिला नाही. उलटा केला आणि दुसऱ्या अंगाने नवी अक्षरे कोरून घेतली. येसबा पोवार, हमाल पलटण, पहिले महायुद्ध, बसरा. खाली एक ओळ शंकररावांनी स्वतः सुचवलेली: यांनी पाठीवर माणसे वाहिली. पुढाऱ्यांना या वेळी आमंत्रण नव्हते. गावातली माणसे, आसपासच्या वाड्यांवरचे काही माजी सैनिक आणि आम्ही दोघे. काही जण मुद्दाम आले नाहीत, हेही खरे आहे. देवळीतले पदक शंकररावांनी अक्कांच्या हातात दिले. अक्कांनी ते हौसाबाईंना दिले. हौसाबाईंनी काळा दोरा बरोबर आणला होता. तो कडीतून ओवून त्यांनी पदक गळ्यात घातले आणि पदर सारखा केला. माजी सैनिकांमधून कुणी हुकूम दिला नव्हता, तरी ते सगळे ताठ उभे राहिले. एका हमालाच्या नावापुढे फौजी माणसे अशी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. भाषण करा म्हणून लोकांनी अक्कांना फार आग्रह केला. त्या म्हणाल्या, "मी काय बोलू? त्यांच्या लेकीनं सगळं सांगितलंय," आणि खाली बसल्या.

परतल्यावर त्यांनी कपाट उघडले. तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की अक्का पदकाविषयी विचारण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंना विचारतात, "तुमचे वडील घरी कसे वागायचे?" त्या एका प्रश्नातून किती माणसे आम्हाला नव्याने भेटली, हे सांगायला स्वतंत्र ग्रंथ लागेल. मला इतकेच सांगायचे आहे की खरे सांगितल्यावर पुढे जे होईल ते सोसायची तयारी असलेली माणसे मी आयुष्यात फार थोडी पाहिली. त्यांत अक्का अग्रभागी आहेत. आणि खरे सांगूनही समोरच्याचा मान राखणारी तर त्यांच्याशिवाय दुसरी कुणी पाहिली नाही.

गेल्या वर्षी अक्कांनी दवाखाना बंद केला. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. आम्हा कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते. कडेवरची बारीक अक्षरे आता आम्ही वाचतो आणि त्या ऐकतात. मात्र कुणाच्या घरी जायचे असते तेव्हा त्या बरोबर लागतात. अनोळखी दारासमोर गाडी थांबली की आम्ही पाय ओढतो, एकमेकांकडे पाहतो, आणि अक्का पदर खोचून पायरी चढतात, "कोण आहे का घरात?" म्हणून हाक देतात.

अजून कितीतरी दारांवर ती हाक जायची आहे. त्या घरांतल्या माणसांना ठाऊकही नाही की त्यांच्या पणजोबांचे नाव कुणीतरी जपून ठेवले आहे. त्या सगळ्यांच्या वतीने आणि आमच्या वतीने मी अक्कांना भरपूर आयुष्य मागतो. गुडघे साथ देत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, भूक आणि झोप शाबूत राहो. त्यांची शंभरी आम्ही कोल्हापुरात थाटात करूच. पण त्या दिवशीही अक्का आम्हाला कुठल्यातरी डोंगरातल्या गावाकडे घेऊन निघाल्या, तर सत्कार संध्याकाळवर ढकलायची आमची तयारी आहे.